सात नंबर बाकी

सोमवार, ३ जून

पोचले एकदाची! फेरीबोटीत एका बाईच्या डुकराच्या पिल्लाने माझ्या चपलेवर कार्यक्रम उरकला, सालेलोलोंगाच्या धक्क्यावर बसवाल्याने माझी बॅग टपावर भिरकावली, आणि तरीही मी दिवसभर हसतेय. अकरा वर्षं आपियाच्या ऑफिसात कानाला फोन लावून बसले होते. बेटाबेटांवरच्या बोटींच्या केंद्रांतून तक्रारी यायच्या आणि मी तिथून सांगायचं, हे दाबा, ते दाबा. उंटावरून शेळ्या हाकायचं काम. गेल्या महिन्यात केरेतीसाहेबाला सगळ्यांदेखत रिकामा ढोल म्हटलं तेव्हा वाटलं, गेली नोकरी. तर आठवड्याने त्यानेच बोलावून सांगितलं की वाइतोलूच्या केंद्रावर जागा आहे, आणि गावाच्या पंचांनी पत्र पाठवून तुझंच नाव मागितलंय. नाव घेऊन! फेतुआओच हवी म्हणून! अकरा वर्षांत कुणाला तरी माझी किंमत कळली.

आईने बॅगेत बारीक विणीची मोठी चटई कोंबली. मी भांडले, की मला सर्व्हर सांभाळायचाय, वऱ्हाड घेऊन जायचं नाही. ती म्हणाली, लग्न, मयत आणि माफी, तिन्हींना चटई लागते, आणि तुझ्या तोंडाचा पट्टा बघता तिसरीला तरी नक्कीच लागेल. आईपुढे काय बोलणार.

केंद्र गावाच्या टोकाला काळ्या खडकावर आहे. सिमेंटची एक खोली, पुढे पडवी, आणि दार समुद्राकडे. झाडलोट करणारी ओफिराबाई साठीची, बोलते कमी, रांधते झकास. अळूच्या पानांत नारळाचं दूध बांधून भाजलेलं पालुसामी तिने पुढ्यात ठेवलं आणि मी चार पुडकी खाल्ली. गावप्रमुख लेफाऊ जाडजूड, मऊ आवाजाचे. पंचांसमोर आवाचा, म्हणजे मुळीच्या त्या मानाच्या पेयाचा, पेला मला दिला, तेव्हा सगळे माझ्याकडे टक लावून बघत होते. एवढा मान मला झेपेना, पण आवडला.

मंगळवार, ४ जून

पहिला पूर्ण दिवस. कामाची पद्धत इथेच लिहून ठेवते, म्हणजे डोक्यात बसेल.

गावाच्या प्रत्येक मासेमारी बोटीवर एक डबा आहे. तो रेडिओवरून आपला ठावठिकाणा केंद्राला कळवत राहतो. सकाळी साडेपाचला आधी बॅटऱ्यांचा खटका, मग सर्व्हर, तो दोन मिनिटं गुरगुरून शांत झाला की रेडिओ, आणि सगळ्यात शेवटी नेटवर्कचा प्रोग्रॅम. घाई केली तर तो रुसतो आणि अर्ध्या बोटी दिसतच नाहीत. नीट सुरू झाला की पडद्यावर एकेका बोटीचा नंबर उगवतो.

बंद करायचं म्हणजे बरोबर उलटं. सहा वाजून पाच मिनिटांनी ‘परत या’चा निरोप सोडायचा. सगळ्या डब्यांत बीप वाजते. बोट किनाऱ्याला लागली की नावाडी हिरवं बटण दाबतो आणि तिचा नंबर पडद्यावरून गळतो. बाकी शून्य झाली की प्रोग्रॅम आपणहून मिटतो. मग रेडिओ, मग सर्व्हर, मग बॅटऱ्या. शेवटी नोंदवहीत तारीख, वेळ, बोटी, आणि खाली दोन शब्द: सगळे घरी. ते लिहिल्याशिवाय दार लावायचं नाही.

आणखी एक रस्ता आहे, जबरदस्तीने बंद करायचा. लाल बटण दाबलं की प्रोग्रॅम परवानगी देणाऱ्याचं नाव विचारतो. ते टाकलं की जे कुणी जोडलेलं असेल ते तोडून मोकळा.

हे सगळं सव्वासहाच्या आत व्हायला हवं, कारण सव्वासहाला शंख वाजतो आणि संध्याकाळच्या प्रार्थनेसाठी गाव गप्प होतं. तेव्हा रस्त्यात कुणी फिरायचं नाही आणि केंद्रातून बीपसुद्धा ऐकू यायची नाही. आली तर दंड, माशांच्या डब्यांची दहा खोकी. आपियात असले नियम कधीच मोडीत निघालेत. देवाला बीप चालत नाही म्हणे!

आज चौदाच्या चौदा बोटी आल्या. मी पडवीतून मोजल्या. तरी पडद्यावर ‘बाकी १’. सात नंबर. गावात सात नंबरची बोटच नाही, सहानंतर थेट आठ. म्हणजे शिळी नोंद, यंत्रात अडकून राहिलेली. आपियात हजारदा पाहिलंय. नियमाप्रमाणे आठ मिनिटं वाट पाहिली, लाल बटण दाबलं, स्वतःचं नाव टाकलं, आणि ‘सगळे घरी’ लिहिलं. ओफिराबाई झाडू हातात धरून नुसती उभी होती. मी म्हटलं, बाई, जुना कचरा आहे, काढून टाकला.

बुधवार, ५ जून

पुन्हा सात नंबर! दुपारी मी ती नोंद हाताने पुसली होती. संध्याकाळी निरोप सोडताच ती परत उगवली, आणि पुढे अंतर: सहा पूर्णांक दोन किलोमीटर. शिळ्या नोंदीला अंतर नसतं. आठ मिनिटं थांबले आणि तोडली.

केरेतीला फोन लावला. तो म्हणाला की अगं बाई, तुला शहाणपणा करायला नाही, बटणं दाबायला पाठवलंय, दाब आणि गप पड. ढोल तो ढोलच.

गुरुवार, ६ जून

अंतर पाच. म्हणजे एका दिवसात एक पूर्णांक दोन किलोमीटरने जवळ. सकाळी यंत्र सुरू केलं की सात नंबर कुठेच नसतो. मी ‘परत या’ म्हटलं की तो निघतो. मी तोडलं की थांबतो. दुसऱ्या दिवशी तिथूनच पुढे. कालच्या आणि आजच्या आकड्यांवरून हे लख्ख दिसतं, आणि तरी मी रेडिओ उघडून तारा तपासत बसले, कारण तारांवर मला राग काढता येतो.

ओफिराबाईला विचारलं, सात नंबर कुणाची? ती पायऱ्या झाडत राहिली. लेफाऊंना विचारलं, ती बोट बुडाली का? त्यांनी आधी खुर्ची दिली, कोको दिला, मुलीची चौकशी करावी तशी माझी चौकशी केली. मग मऊ आवाजात म्हणाले की बुडाली असं आम्ही म्हणत नाही, तिला उशीर झालाय. माझी तळपायाची आग मस्तकात गेली. मी काय यांची करमणूक आहे? मी म्हटलं, तुम्ही पत्र पाठवून बोलावलंत ना मला, मग सांगा काय ते! ते म्हणाले, तू सांगशील पोरी, आम्ही थांबलोय.

शुक्रवार, ७ जून

तीन पूर्णांक आठ. मला वाटलं गावातला कुणी टवाळ जुना डबा घेऊन चेष्टा करतोय. संध्याकाळी दुर्बीण घेऊन पडवीत उभी राहिले. त्या अंतरावर, त्या दिशेला, सपाट पाणी. एक पक्षीसुद्धा नव्हता. खोलीत आले तर आकडा माझ्या डोळ्यांदेखत कमी झाला.

माझ्या आधी इथे चार जण राहून गेले. ओफिराबाईने आज एवढंच सांगितलं, की ते भित्रे होते, निरोप सोडला की क्षणात तोडायचे, त्यामुळे सहा वर्षांत ती बोट फारशी सरकलीच नाही. तू मात्र पूर्ण आठ मिनिटं देतेस, म्हणाली. ते तिने कौतुकाने म्हटलं की काय, मला कळेना. आणि मी इतकी चिडले की आभारही मानले नाहीत.

रविवार, ९ जून

काल दोन पूर्णांक सहा. आज केंद्र बंद. चर्चनंतर ओफिराबाईने जेवायला नेलं.

तिच्या घरापुढे, सगळ्यांच्या असतात तशा, घरच्यांच्या कबरी. कडेची एक नवी, पांढरी, आणि तिच्यावर नाव नाही. मुलं तिच्यावर बसून केळी खात होती. मी विचारलं तेव्हा ती म्हणाली की ही एतुआतीची आहे, माझ्या लेकाची, तो अजून यायचाय.

मग जेवताना सगळं सांगितलं, मीठ द्यावं इतक्या साध्या सुरात. सात नंबर एतुआतीची. बरोबर त्याचे दोन मेहुणे. सहा वर्षांपूर्वी वादळात इंजिन बंद पडलं. संध्याकाळी केंद्रात तेरा बोटी गळल्या आणि सात नंबर राहिली. तेव्हा केंद्र सांभाळणाऱ्या पिता नावाच्या म्हाताऱ्याने शंख वाजायच्या आत आपियाला फोन केला, की एक बाकी आहे, काय करू? तिकडून सांगितलं की शिळी नोंद आहे, तोड. त्याने तोडली. डबा गप्प झाला. मग तिघांना कुठे शोधायचं तेच कुणाला कळेना. नऊ दिवस शोधलं. पिताने त्या वर्षीच अंथरूण धरलं आणि गेला.

मी ताट सरकवलं. मी ओरडलेच. आपियात कोण होता तो गाढव? एका फोनवर तीन माणसं पुसून टाकली आणि करून सवरून नामानिराळा! मला तर खात्रीच आहे, केरेतीच असणार. मी म्हटलं, मी त्याला कानाला धरून आणते, चटई डोक्यावर घेऊन तुमच्या दारात बसवते. तुम्ही चटई उचललीत तर माफी. नाही उचललीत तर पूर्वी वरून कुऱ्हाड यायची, तशी येऊ दे! ओफिराबाईने माझ्या ताटात आणखी एक अळूचा कंद वाढला आणि म्हणाली की जेव पोरी, गार होतंय.

सोमवार, १० जून

एक पूर्णांक चार. लाटा फुटतात त्या खडकांच्या रांगेपर्यंत आलीय.

मी आज सगळ्यांवर तोंडसुख घेतलं. लेफाऊंना म्हटलं, त्या दिवशी तुमचा शंख पाच मिनिटं उशिरा वाजला असता तर तुमचा देव पळून गेला असता का? मला वाटलं चिडतील. ते खाली बघत म्हणाले की तेच आम्ही सहा वर्षं एकमेकांना विचारतोय. मग मी जुन्या नोंदवह्या मागितल्या. ते म्हणाले, कपाटात आहेत, किल्ली पहिल्या दिवसापासून तुझ्याच जुडग्यात आहे.

आज नको. आज आठ मिनिटं संपताना रेडिओच्या खरखरीत काहीतरी होतं. पाणी उपसल्याचा आवाज. डबडं, पाणी, डबडं, पाणी. तोडलं तरी थोडा वेळ येत होता.

मंगळवार, ११ जून

कपाट उघडलं.

पिताचं थरथरतं अक्षर. वेळ सहा अकरा. बोटी तेरा. सात नंबर बाकी, दोनदा विचारलं. शिळी नोंद आहे, तोडा, असा आदेश. परवानगी:

फेतुआओ.

माझं नाव. नोंदवहीत माझं नाव आहे. त्याखाली ‘सगळे घरी’ नाही. त्याने ते लिहिलं नाही. मी आठवडाभरात सहा वेळा लिहिलं.

आठवलं. आठवू नये म्हणून तासभर स्वतःशी भांडले, पण आठवलं. सहाला माझी पाळी संपली होती. केक आणायचा होता, भाचीचा वाढदिवस होता, पर्स खांद्यावर होती. म्हातारा अडखळत बोलत होता, मागे वारा होता. तो म्हणाला, बाई, पण अंतर दाखवतंय. आणि मी, मी हसले. म्हटलं, अहो आजोबा, कचरा आहे, तोडा आणि प्रार्थनेला जा. अर्ध्या मिनिटाचाही फोन नव्हता. केक अननसाचा होता. तेसुद्धा आठवतंय.

केरेतीला फोन केला. त्याला माहीत होतं. गाव चार वर्षं दरवर्षी पत्र पाठवतंय, त्या नावाचं माणूस पाठवा म्हणून, आणि तो फायलीत ठेवत होता. मी ढोल म्हटलं तेव्हा त्याला पत्र आठवलं. मी फोनवर किंचाळत होते, घसा फाटेपर्यंत. मग थांबले. त्याने फार तर पत्रं दाबली. माणसं मी दाबली.

संध्याकाळी पुन्हा आठ मिनिटांनी तोडलं. का तोडलं? भीती वाटली म्हणून. दोनशे मीटर.

बुधवार, १२ जून

पहाटे चटई डोक्यावर घेऊन ओफिराबाईच्या दारात जाऊन बसले. दगड टोचत होते. चटईखाली अंधार, आईच्या घराचा वास. उजाडायच्या आत तिने कड उचलली. मला उठवलं, कोको दिला. म्हणाली की मी केव्हाच उचलली असती, तुलाच यायला उशीर झाला. पण मी एकटी नाही पोरी. ते तिघं अजून बोटीवर आहेत. त्यांचं त्यांना विचार.

दुपार

लेफाऊ गाडी घेऊन आले. चारची फेरीबोट आहे, म्हणाले, जायचं तर सोडतो, कुणी नावं ठेवणार नाही. उद्या कंपनी दुसरं कुणी पाठवेल. तोही तोडेल.

मी नाही म्हटलं. ओरडून नाही म्हटलं. त्यांनी टोपी काढली.

सहा पाच

निरोप सोडला. चौदा गळल्या. बाकी १. दोनशे मीटर.

सहा तेरा

आठ मिनिटं झाली. लाल बटण समोर आहे. एक बोट टेकवायचं, नाव टाकायचं, आणि मी सुटले. नाव कुणाचं टाकू? – नाही.

एकशे दहा. किनारा जवळ आला तशी हळू येतेय.

सहा पंधरा

शंख वाजला नाही.

रस्त्यावर गावचे पुरुष ओळीने उभे आहेत. केंद्राकडे पाठ करून. सगळे गप्प. फक्त माझी बीप वाजतेय, एवढी मोठी – आणि कुणी थांबवत नाही.

साठ. पाणी उपसल्याचा आवाज आता रेडिओत नाही. बाहेर आहे.

सहा वीस

चटई डोक्यावर घेतलीय. दाराकडे तोंड. फोनच्या उजेडात लिहितेय. हात चालतोय – लिहीतच राहायचं –

माझ्या जागी जो येईल त्याच्यासाठी. घाई झालेली असली तरी. शंख वाजला तरी. वरून कुणी हसून सांगितलं तरी तोडू नकोस. नोंद म्हणजे माणूस असतो. थांब. पाहिजे तर रागव, पण थांब –

डबडं थांबलं. वाळूवर काहीतरी ओढतायत –

लांब बीप. हिरवं बटण. एतुआतीने –

प्रोग्रॅम आपोआप मिटला. मी हात लावला नाही. पंखे थांबले. सहा वर्षांनी शून्य.

पडवीत पावलं. ओली. एक. दोघं. तिघं. रागावलेत. श्वासावरून कळतंय – रागवा, बरोबर आहे – मीही –

जमिनीवरून पाणी चटईखाली आलं. थंड.

कड उचलली जातेय. का वरून कुऱ्हाड – दिसत नाही –

आधी नोंद. नोंद लिहिल्याशिवाय नाही. १२ जून. सहा चोवीस. बोटी पंधरा. सगळे घ